पुरलेले धन कोणाचे?

गुप्तधनाविषयीचा पहिला प्रश्न मालकीचा आहे. जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेला मोहरांचा हंडा ज्याला सापडला त्याचा, ज्याचे शेत त्याचा, राजाचा, की तो अजूनही पुरणाऱ्याचाच? दुसरा प्रश्न या पहिल्याला चिकटूनच येतो. असा शोध सहसा एकट्याने होत नाही. खणायला, पहारा द्यायला, ओझे वाहायला सोबती लागतात, आणि जुन्या कथांपासून आजच्या पोलीस ठाण्यांतील नोंदींपर्यंत हे सोबती बहुधा तरुण मित्रच असतात. सापडलेल्या धनाने त्यांच्या मैत्रीचे काय होते, याचा विचार भारतीय परंपरेने मालकीच्या प्रश्नाइतकाच मनावर घेतला आहे.

धन मुळात पुरले का जाते, याचे फार नेमके वर्णन पाली भाषेतील खुद्दकपाठाच्या निधिकण्ड सुत्तात आहे. एक माणूस पाणी लागेपर्यंत खोल खड्डा खणतो आणि त्यात धन ठेवतो. राजाने आळ घेतला, चोरांनी छळले, कर्ज फेडायची वेळ आली, दुष्काळ पडला किंवा आणखी काही संकट ओढवले, तर ते उपयोगी पडेल असा त्याचा हिशेब असतो. सुत्त पुढे सांगते की हा हिशेब नेहमी जुळत नाही. धन जागेवरून सरकते, खूण विसरली जाते, नाग ते हलवतात, यक्ष नेतात, नावडते वारस गुपचूप उकरून काढतात. सुत्ताचा रोख पुण्य हाच खरा ठेवा हे सांगण्याकडे आहे, पण त्या ओघात त्याने एक सामाजिक सत्य टिपून ठेवले आहे. धन पुरणे ही भीतीपोटी केलेली कृती असते. शांततेच्या काळात पैसा हातोहात फिरतो, धामधुमीत तो जमिनीत जातो. आणि तो शतकानुशतके तिथेच राहतो याचे कारण एकच, की पुरणारा परत आलाच नाही. तो मारला गेला, परागंदा झाला, कैदेत पडला, किंवा मुलाला जागा सांगण्याआधीच गेला. सापडलेला प्रत्येक हंडा ही कोणाची तरी अर्ध्यावर राहिलेली तजवीज असते.

महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या साठ्याचे आहे. त्यात क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे ९ हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवलेले होते. डोंगरासारखे दिसणारे चैत्यचिन्ह आणि उज्जैनी चिन्ह यांच्याखाली कित्येक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्याचा किंवा लेखाचा भाग अजून दिसतो. सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पराभव केला याचा हा पक्का पुरावा म्हणून इतिहासकारांना हा साठा मोलाचा वाटतो आणि ते योग्यच आहे. पण दोन राजवटींच्या संघर्षात कोणीतरी जुनी आणि नव्याने ठसे मारलेली नाणी एकत्र बांधून जमिनीत ठेवली आणि ती काढायला कोणी आले नाही, ही गोष्टही त्याच साठ्यात आहे. दोन्ही राजांची नावे नाण्यांवर आहेत. ठेवणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

या नाव नसलेल्या माणसाचे काय करायचे, हा धर्मशास्त्रापुढचा खरा पेच होता. मनुस्मृतीचा आठवा अध्याय त्याची सुरुवात हरवलेल्या वस्तूपासून करतो. मालक कळत नसलेली वस्तू राजाने तीन वर्षे सांभाळावी. त्या मुदतीत मालक आला आणि वस्तूचे रूप, संख्या वगैरे खुणा त्याने बरोबर सांगितल्या, तर ती त्याला मिळावी. मुदत संपल्यावर ती राजाची. जमिनीतील निधीबाबतही हाच क्रम आहे. निधी आपला आहे असे जो खरेपणाने सिद्ध करील त्याच्याकडून राजाने सहावा किंवा बारावा भाग घ्यावा आणि खोटा दावा करणाऱ्याला दंड करावा. कोणाचाच दावा सिद्ध होत नाही अशा पुरातन निधीत राजाचा वाटा निम्मा. तो का, याचे कारण मनू देतो. राजा रक्षण करतो आणि तो भूमीचा अधिपती आहे. यातले रक्षणाचे कारण फार महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे राजाचा हक्क त्याच्या कर्तव्यावर अवलंबून ठरतो.

कौटिल्याची दृष्टी अधिक व्यवहारी आहे. खाण, रत्न किंवा निधी यांची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा द्यावा आणि खबर देणारा नोकर असेल तर बारावा, असे अर्थशास्त्र सांगते. एक लाखाच्या वरचा निधी राजाकडे जातो. मात्र सचोटीच्या माणसाने तो वाडवडिलांचा असल्याचे सिद्ध केले तर सगळा निधी त्याचा. पुराव्याशिवाय घेतला तर पाचशे पण दंड आणि लपवून ठेवला तर हजार. याज्ञवल्क्यही न कळवता ठेवलेला निधी उघड झाल्यास तो काढून घेऊन वर दंड करायला सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत याज्ञवल्क्याच्या श्लोकाचा अर्थ असा लावला आहे, की सामान्य माणसाला निधी सापडल्यास राजाने त्याला सहावा भाग द्यावा आणि उरलेला स्वतः घ्यावा. गौतमाच्या धर्मसूत्रातही, कळवणाऱ्या अब्राह्मणाला सहावा भाग मिळतो असे काहींचे मत नोंदलेले आहे.

या नियमांतला एक भाग आज कोणालाही पटणार नाही. विद्वान ब्राह्मणाला निधी सापडला तर त्याने तो सगळा घ्यावा, कारण तो सर्वांचा स्वामी आहे, असे मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही म्हणतात. हा जन्मावर उभा असलेला विशेषाधिकार आहे आणि न्यायाच्या कोणत्याही कसोटीवर तो टिकत नाही. नारदस्मृतीला बहुधा त्यातली अडचण जाणवली असावी. ब्राह्मणानेसुद्धा निधी मिळाल्यावर राजाला कळवावे आणि राजाने दिल्यावरच उपभोगावा, असे ती सांगते. वाटे बदलतात, अपवाद बदलतात, पण एक धागा सर्वांमधून जातो. निधी सापडणे हा गुन्हा नाही, लपवणे हा आहे. सापडल्याच्या क्षणी कोणी मालक होत नाही. त्या क्षणी माणूस फक्त राखणदार होतो, आणि पुरणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा शोध घेतला गेल्यानंतरच वाटणीचा विषय निघतो.

लोकमानसाने हाच विचार वेगळ्या वाटेने जपला. गावोगावी सांगतात की धनावर नाग बसलेला असतो, समंध त्याची राखण करतो, ज्याच्या नशिबी नाही त्याच्या हाती हंड्यात कोळसेच लागतात. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे दिसते, ही समजूतही सगळीकडे आहे. या समजुतींना वस्तुस्थितीचा काडीचाही आधार नाही आणि त्यांनी पुष्कळ नुकसान केले आहे. तरी त्यांच्या मुळाशी काय आहे ते पाहायला हवे. राखण करणारा तो नाग किंवा समंध बहुतेक कथांत धन पुरणारा स्वतःच असतो. वासना अडकल्यामुळे तो तिथून सुटलेला नसतो. सच्चंकिर जातकात नदीकाठी चाळीस कोटी पुरून मेलेला सावकार साप होऊन त्या जागी राहतो आणि तीस कोटी पुरणारा दुसरा उंदीर होऊन. पुरात वाहत जाताना एका तपस्व्याने वाचवल्यावर दोघेही आपण होऊन आपले धन त्याला देऊ करतात. म्हणजे धन सुटते ते मालकाच्या संमतीने, खणणाऱ्याच्या जोरावर नव्हे. मेलेल्या माणसाचा हक्क कायद्याने तीन वर्षांत संपवला, पण लोककथेने तो संपू दिला नाही. तिने त्याला फणा दिला.

मित्रांच्या शोधाची सर्वांत मार्मिक कथा पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रात आहे. दारिद्र्याला कंटाळलेले चार ब्राह्मण मित्र घर सोडून अवंतीला येतात, क्षिप्रेत स्नान करतात, महाकालाचे दर्शन घेतात आणि भैरवानंद नावाच्या योग्याला शरण जातात. धन मिळवून देणारा कोणताही मार्ग सांगा, मग तो भुयारात शिरण्याचा असो, स्मशानात बसण्याचा असो की नरमांस विकण्याचा, असे त्यांचे मागणे असते. योगी त्यांना चार वाती देतो. हिमालयाच्या दिशेने चालत जा, ज्याची वात जिथे पडेल तिथे त्याने खणावे आणि मिळेल ते घेऊन परतावे.

पहिल्याची वात पडते तिथे तांबे निघते. हवे तितके घ्या, असे तो मित्रांना म्हणतो. तांब्याने दारिद्र्य फिटत नाही म्हणून बाकीचे पुढे जातात आणि तो परततो. दुसऱ्याला चांदी मिळते, तोही सर्वांना घ्या म्हणतो आणि परततो. तिसऱ्याला सोने मिळते. आता दोघेच उरलेले असतात. तांब्यानंतर चांदी, चांदीनंतर सोने, तर यापुढे रत्नेच असणार, असा चौथ्याचा तर्क. तिसरा तिथेच थांबून त्याची वाट पाहायचे कबूल करतो. चौथा एकटा उन्हात तहानेने कासावीस होऊन वाट चुकतो आणि त्याला एक रक्ताने माखलेला माणूस दिसतो, ज्याच्या डोक्यावर चाक गरगरत असते. हे चाक काय आहे, असे विचारताक्षणी ते त्या माणसाच्या डोक्यावरून उडून याच्या डोक्यावर येते. आपण रामाच्या राज्यात इथे आलो होतो, असे सुटलेला माणूस सांगतो. निधी चोरीला जाऊ नये म्हणून कुबेराने केलेली ती व्यवस्था असते. तिथे भूक नाही, तहान नाही, म्हातारपण आणि मरण नाही, वेदना तेवढी आहे. पुढचा कोणी हातात वात घेऊन येऊन असेच विचारील तेव्हाच ती सुटते.

ही कथा अतिलोभाची म्हणून सांगितली जाते आणि ते खरेच आहे, पण तिची रचना बारकाईने पाहिली तर आणखी काही दिसते. या मित्रांत भांडण कुठेच होत नाही. कोणी कोणाला फसवत नाही. प्रत्येक जण आपल्या वाट्यातून इतरांना मोकळेपणाने देऊ करतो आणि तरी दर मुक्कामाला एक जण कमी होतो. धन त्यांची मैत्री एका घावात तोडत नाही, ते तिला थोडे थोडे विरळ करत नेते आणि चाक डोक्यावर येते तेव्हा जवळ कोणीच नसते. तिसरा मित्र पुढे पावलांच्या खुणा शोधत येतो, त्याची दशा पाहतो, बोलतो. संकटात सापडलेल्या मित्राला सोडून जाणे पाप आहे, असे चौथा त्याला विनवून सांगतो. तरी तिसरा शेवटी निघून जातो, कारण थांबला तर त्याच्यावरही तेच ओढवेल अशी त्याला भीती आहे. मित्रांपैकी कोणीही दुष्ट नाही, आणि त्यामुळेच ही कथा इतकी जड वाटते.

दुष्टपणाच्या कथा तुलनेने सोप्या आहेत. वेदब्भ जातकात मंत्राने पाडलेल्या रत्नांसाठी चोरांच्या दोन टोळ्या एकमेकींना संपवतात. शेवटी दोघे उरतात. एक गावात जाऊन भात आणतो आणि त्यात विष कालवतो, दुसरा तलवार घेऊन दबा धरतो, आणि दोघेही मरतात. पंचतंत्राच्याच मित्रभेद या तंत्रातला पापबुद्धी तर दोघांनी मिळून पुरलेले धन रात्री एकटाच काढतो, आळ धर्मबुद्धीवर घेतो आणि झाडाला साक्षीदार करण्यासाठी आपल्याच बापाला ढोलीत बसवतो. या दोन्ही कथांत शेवट चोराला गाठतोच.

धामधुमीच्या काळात तरुण सोबत्यांना निधी सापडल्याची आणि तो त्यांच्यात दुफळी माजवू न शकल्याची मराठी परंपरेतली कथा तोरण्याची आहे. शिवाजी महाराजांनी हा गड सोळा-सतरा वर्षांच्या वयात, १६४६-४७ च्या सुमारास घेतला. सोबत मावळातले सवंगडी होते. येसाजी कंक आणि तानाजी मालुसरे यांची नावे परंपरा त्यांत घेते. गडाची डागडुजी चालू असताना तिथे पुरलेले धन मिळाले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर गड बांधायला खर्च झाले, असे बखरकार सांगतात. तो गड म्हणजे राजगड, पुढे सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी.

या धनावर महाराजांचा हक्क होता का, हा प्रश्न जुन्या शास्त्राच्या चौकटीत विचारण्यासारखा आहे. त्यांचा राज्याभिषेक १६७४ चा. तोरणा घेतला तेव्हा ते आदिलशाहीतल्या एका जहागीरदाराचे पुत्र होते आणि मनूच्या नियमाने राजभाग विजापूरकडे जायला हवा होता. परंतु तो भाग रक्षणाबद्दल आहे. १६३० ते ३२ च्या भीषण दुष्काळाने हा मुलूख ओस पडला होता. त्याच सुमारास मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तिथे गाढवाचा नांगर फिरवला, आणि हा मुरार जगदेव आदिलशाहीचाच सरदार होता. जी सत्ता गाव जाळते तिचा रक्षणाच्या नावावरचा हक्क तिच्याच हाताने संपतो. ज्याने ते रक्षण अंगावर घेतले त्याच्याकडे तो हक्क येतो, आणि धन तटबंदीत घातले गेले हे त्याने ते अंगावर घेतल्याचे प्रमाण आहे. भीतीने पुरलेला पैसा भीती कमी करण्याच्या कामी आला. पुरणारा परत आला असता तर त्यालाही याहून चांगला उपयोग सुचला नसता. सोबत्यांच्या मैत्रीला तडा गेला नाही तो याच कारणाने. त्या धनाची आपसांत वाटणी करायचीच नव्हती, म्हणून कोणाचा वाटा मोठा हा प्रश्नच आला नाही.

अर्थात सार्वजनिक उपयोगाचे नाव घेऊन कोणीही कोणाचीही जमीन खणू शकतो असे यातून निघत नाही. डिसेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने बिठूरला नानासाहेब पेशव्यांच्या वाड्यातील विहीर उपसून सोन्याचांदीची भांडी वर काढली. तिथे मालक माहीत होता आणि हयात होता. त्याला निधी म्हणता येत नाही, ती लूट होती. मालक ठाऊक असताना केलेल्या शोधाला कोणतेच शास्त्र आधार देत नाही.

तत्त्वज्ञानाने या सगळ्याकडे वळून पाहिले ते एका दृष्टांताच्या रूपाने. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की जमिनीचे ज्ञान नसलेली माणसे पुरलेल्या सोन्यावरून पुन्हा पुन्हा चालत जातात आणि त्यांना ते सापडत नाही, तसेच सर्व प्राणी रोज ब्रह्मलोकात जाऊन येतात आणि त्यांना ते कळत नाही, कारण असत्य त्यांना मागे ओढत असते. विवेकचूडामणीत हाच दृष्टांत पुढे नेला आहे. नुसते नाव घेऊन हाक मारल्याने निधी वर येत नाही, जाणत्याचे सांगणे, खणणे आणि वरचे दगड बाजूला करणे लागते. उपनिषदाने हा दृष्टांत निवडला याला खोल अर्थ आहे. वर ज्या दोन अडचणी दिसल्या त्या या निधीला लागूच पडत नाहीत. त्याला आधीचा मालक नाही, म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. आणि तो वाटल्याने कमी होत नाही, म्हणून चार मित्र निघाले तर चौघेही एकाच जागी पोहोचू शकतात. वारकऱ्यांची दिंडी याच समजुतीवर चालते. सोनेनाणे मातीसमान मानणारा संत आणि त्याच्या सोबतीने चालणारे लोक एकमेकांचा वाटा मोजत नाहीत.

आजचा कायदा जुन्या धर्मशास्त्राच्या आश्चर्यकारकपणे जवळ आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर सापडणाऱ्याने तो जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचा असतो. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना पुढे येण्यासाठी किमान चार महिन्यांची मुदत मिळते. निधी गेल्या शंभर वर्षांच्या आत पुरलेला असेल आणि पुरणाऱ्याच्या वतीने कोणी हक्क सांगितला, तर त्याला न्यायालयात जाण्याची संधी द्यावी लागते. निधी बेवारस ठरला तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला तो हवा असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घेता येतो. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मनूची तीन वर्षे चार महिन्यांवर आली आणि ब्राह्मणाचा विशेषाधिकार गेला, पण कळवण्याचे कर्तव्य जसेच्या तसे राहिले.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर जो झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्याच्या निमित्ताने केलेली करणी, भानामती, अमानुष कृत्ये आणि नरबळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैदेची. भैरवानंदापुढे हात जोडून कोणताही मार्ग चालेल म्हणणारे चार मित्र आजही आहेत. ते मांत्रिकाच्या सांगण्यावरून मांडूळ पकडतात, पडक्या गढ्या आणि हेमाडपंती देवळांचे गाभारे रात्री उकरतात. त्यांच्या हाती सहसा काहीच लागत नाही, पण तिथल्या मातीच्या थरांतून जे कळू शकले असते ते कायमचे जाते. शेतात नांगराला किंवा घराच्या पायात कुदळीला असे काही लागले, तर खणणे तिथेच थांबवावे, वस्तू हलवू नये आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी.